“ब्रेक लागतत मा? मगे झाला!”

चार दिवस पावसाने उघडीप दिली आहे. खालच्या कुणग्यातलं भात पोटरीत आलंय, वरच्या भरडावर काही पानांची टोकं करपल्यासारखी दिसतायत. त्याचं पुढच्या नोंदीत लिहीन. आज गाडीच्या ब्रेकबद्दल लिहायचं आहे, आणि जरा रागाने लिहायचं आहे. राग पहिला स्वतःवर. मग तुमच्यातल्या निम्म्या लोकांवर.

गेल्या आठवड्यात अडीचशे असोले नारळ ओम्नीत भरले आणि शिरोड्याला निघालो. आपल्या रेडीत घरातून बाहेर पडायचं म्हणजे कुठेतरी उतार आलाच. उतारावर एक शाळेतली मुलगी उजव्या कडेने छत्री धरून चालली होती. समोरून टेम्पो आला म्हणून मी ब्रेक दाबला. पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज, आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. थांबली. पण बंपर त्या मुलीच्या छत्रीला लागला होता. छत्रीला. त्या पोरीने छत्री झटकली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे चालायला लागली. टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या, त्या मला पाहिजेच होत्या.

तो आवाज मी गेले दीड महिना ऐकत होतो. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला यायचा, मग कमी व्हायचा. पावसाने डिस्कवर गंज येतो, तो आवाज असणार अशी समजूत करून घेतली होती. तसा गंज येतो हे खरंच आहे, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कला लाल साय येते आणि पहिल्या ब्रेकला ती निघून जाते. पण पहिल्या ब्रेकला. दहाव्या ब्रेकला येणारा आवाज गंजाचा नसतो. हे मला माहीत होतं. कोयती बोथट झाली तर मी कापणी थांबवून पाजवायला बसतो, आणि गाडीचा आवाज दीड महिना ऐकून घेतला.

हॉटेलात चहाला बसलो आणि हे सांगितलं तर काय उत्तर मिळालं? “ब्रेक लागतत मा? मगे झाला! गावात खय शंभरच्या स्पीडान जातंस?”

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे.

ब्रेक “लागणं” म्हणजे काय? पॅडवरचा मसाला संपून लोखंड लोखंडावर घासलं तरी गाडी कधीतरी थांबतेच. माडाला आपटूनसुद्धा थांबते. प्रश्न किती अंतरात थांबते आणि सरळ थांबते का, हा आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे शाळेतलं गणित आहे. वीसने जाताना “लागणारा” ब्रेक चाळीसला लागत नाही, आणि गावातल्या रस्त्याला चाळीस आपण सगळेच जातो. उगीच कशाला खोटं बोला. त्यात ओम्नी. इंजिन सीटच्या खाली, पुढे बोनेट नाही. धडक झाली की पत्र्यानंतर लगेच आपले गुडघे. ही गाडी मला आवडते, सोळा पोती काजू एका खेपेला वाहिलेत तिने, पण तिच्यात बसून ब्रेककडे दुर्लक्ष करणारा माणूस स्वतःच्या गुडघ्यांचा बंपर करून फिरतो.

आता उघडल्यावर काय दिसलं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

डाव्या चाकात बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक. चाकाच्या भोकातून बॅटरी मारून बघितलं तर हाच दिसतो, आणि माणूस म्हणतो, आहेत की पॅड! आतला पॅड मात्र पार लोखंडापर्यंत गेलेला, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला नांगरल्यासारख्या चऱ्या. उजव्या चाकात दोन्ही पॅड सारखे झिजलेले. म्हणजे दोष पॅडचा नव्हताच. या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरावर सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून घेतो. माझ्या डाव्या कॅलिपरची खालची पिन गंजून घट्ट बसली होती. कॅलिपर सरकतच नव्हता. सगळा भार आतल्या पॅडवर, डावा ब्रेक अर्धाच काम करतोय, उजवा पूर्ण. म्हणून गाडी उजवीकडे ओढली. त्या मुलीकडे.

आणि हे पॅड मी गेल्या वर्षीच बदलून घेतले होते. एका गॅरेजात, वीस मिनिटांत. जुने काढले, नवे घातले, पैसे घेतले. पिना हाताने सरकवून कोणी बघितल्या नाहीत. मीही उभा होतो, मीही “बघ रे जरा” म्हटलं नाही, कारण मला घाई होती. नाव सांगणार नाही, कारण निम्मी चूक माझी आहे आणि अशी गॅरेजं एक नाही, पन्नास आहेत.

आपल्या किनाऱ्यावर या पिनांना जास्त जपावं लागतं, हे वर घाटावरच्या माणसाला कळणार नाही. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्याला सत्याग्रह झाला, ते मीठ आपल्या गाडीच्या सांध्यांत फुकटात येऊन बसतं. खारा वारा, चार महिने पाऊस, वर आपली लाल माती. आणि रेडीत तर खनिजाची धूळ. पिनेवरचं रबराचं बूट एकदा फाटलं की हा सगळा माल आत जातो आणि ग्रीसची खरवड होते. एका पावसात पिन धरते. कंपनीच्या पुस्तकात पॅड किती किलोमीटरला बघायचे ते लिहिलेलं असतं, पण पुस्तक लिहिणारा रेडीत राहत नाही. आपण किलोमीटर मोजू नयेत, पावसाळे मोजावेत. दर पावसाळा संपला की चाकं उतरवायची, गाडी हजार किलोमीटर फिरलेली असो की दहा हजार.

बरं, आता खर्चाकडे. तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं.

पहिला म्हणाला, “सगळा बदलूक होया, काका.” दोन्ही कॅलिपर नवे, डिस्क, पॅड, पाइप, वर बेअरिंग. चौदा हजार पाचशे. दुसरा हसून म्हणाला, एवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी भंगारात द्या. तिसरा सगळ्यात गोड. “पॅड सँडपेपरान घासतंय, डिस्कार जरा पेपर मारतंय, साडेतीनशे द्या. चवथ निघान जातली.”

आपल्याकडचा गरीब शेतकरी पहिल्याचा आकडा ऐकून घाबरतो आणि तिसऱ्याकडे जातो. चौदा हजार नाहीत, मग साडेतीनशेत भागवू. या दोघांच्या मधे काही आहे, हेच आपल्याला कोणी सांगत नाही. पहिल्याला वेळ वाचवायचाय, कारण अख्खा कॅलिपर बदलायला अर्धा तास लागतो आणि जुना साफ करायला अर्धा दिवस. तिसऱ्याला गिऱ्हाईक सोडायचं नाही. दोघांनाही त्या उतारावर छत्री धरून चालायचं नाही.

मी चौथा शोधला. वयस्कर मेस्त्री, घरीच काम करतो. त्याने पिन हाताने हलवून बघितली, पिस्टनला गंज आहे का बघितलं (नव्हता, नशीब), आणि म्हणाला, कॅलिपर जिवंत आहे, किट घालू. किट म्हणजे पिस्टनभोवतीची रबरी सील आणि बुटं. ती चौकोनी सील दिसायला कडबोळ्याएवढी क्षुल्लक, पण तेल धरून ठेवणं आणि ब्रेक सोडल्यावर पिस्टन केसभर मागे ओढणं, ही दोन्ही कामं तीच करते. ती कडक झाली की पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं.

हिशोब असा झाला. पॅडचा सेट ७५०. दोन्ही बाजूंची किटं आणि पिनांची बुटं ३८०. ब्रेक ऑइल अर्धा लिटर २१०. ब्रेकचं ग्रीस ९०. डिस्कची जोडी १९५०. मेस्त्रीची मजुरी ६००. एकूण ३,९८० रुपये. डिस्क मला लेथवर मारून भागवायची होती, तसा प्रयत्नही केला. पण डिस्कवरच कमीत कमी किती जाडी पाहिजे ते कोरलेलं असतं. चऱ्या जाईपर्यंत मारली असती तर डावी त्याच्या खाली गेली असती. पातळ डिस्क लवकर तापते आणि वाकते. आणि एक नवी, एक जुनी असं घालत नाहीत, जोडीनेच बदलतात. तुमच्या डिस्कला चऱ्या नसतील आणि जाडी शिल्लक असेल तर हे १९५० वाचले, म्हणजे काम दोन हजारांत होतं. माझेही वाचले असते, दीड महिन्यापूर्वी उघडलं असतं तर. साडेसातशेच्या पॅडसाठी थांबलो आणि दोन हजारांची डिस्क खाल्ली.

मला सांगा, हे पैसे नव्हते का माझ्याकडे? गेल्या दिवाळीत पुतण्याने गाडीला स्पीकर बसवले, साडेचार हजार मीच दिले. २०२३ साली गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी पुन्हा करून घेतली. ती फी आधी ६०० होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ओरडत ओरडत भरली, पण भरली, कारण न भरून सांगतो कोणाला. सरकारने मागितले तर पाच हजार निघतात. चाक मागतं तेव्हा “बजेट नाही”.

आणि त्या कागदाच्या जोरावरही राहू नका. “गाडी पासिंग करून आणलीय” असं छाती काढून सांगणारे मला भेटतात. पासिंग म्हणजे त्या दिवशी काढलेला फोटो. त्यानंतर पाच वर्षं, पाच पावसाळे. फोटोतला माणूस म्हातारा होत नाही, गाडी होते.

भंगारात द्या म्हणणाऱ्यालाही माझं उत्तर आहे. खासगी गाडी आपल्याकडे नुसत्या वयावर भंगारात काढत नाहीत. चालण्यालायक आहे का, ते बघतात. ओम्नी बनायची २०१९ साली बंद झाली, आणि तिच्या किमतीत, तिच्याइतकं सामान नेणारी, चिऱ्याच्या पाणंदीत वळणारी दुसरी गाडी मला कोणी दाखवावी. नव्या गाडीचा हप्ता मला परवडत नाही, आणि परवडला तरी नारळ भरून तिचे सीट फाडायची हिंमत होणार नाही. जुनी गाडी ठेवणं ही लाज नाही. पण जुनी गाडी ठेवायची आणि तिच्या जुनेपणाची सबब सांगून ब्रेक टाळायचा, हे मात्र चालणार नाही. जुनी आहे म्हणूनच आधी ब्रेक.

काटकसरीला माझा विरोध नाही, उलट ब्रेकच्या धंद्याचा उगमच काटकसरीत आहे. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी घोडागाडीच्या लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचं चामडं ठोकायचे. ते बघून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला चांगलं लायनर बनवायची कल्पना सुचली आणि १८९७ साली त्याने ते काम सुरू केलं, असं सांगतात. शेतकऱ्याच्या फाटक्या बुटापासून आजचा पॅड. पण त्या शेतकऱ्याने बूट ठोकला होता, तो ब्रेक जास्त लागावा म्हणून. आपण सँडपेपर मारतो ते कमी लागतोय हे लपवायला.

काटकसर कुठे करावी, तर स्वतःच्या हातात. चाक उतरवणं, पॅड बघणं, पिना काढून पुसून ग्रीस लावणं, हे आपल्याला येण्यासारखं आहे. पंपाचा फूट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही. पण काही चुका मी लोकांना करताना बघितल्यात, त्या रागाच्या भरात लिहून टाकतो.

जॅकवर गाडी सोडून खाली हात घालू नका, आणि जॅकऐवजी चिरा तर अजिबात लावू नका. घर चिऱ्यावर उभं राहतं म्हणून गाडी राहत नाही. एका कोपऱ्यावर भार आला की चिरा फुटतो, आणि पावसात भिजलेला तर भाकरीसारखा. चिरा चाकाच्या मागे अडणीला लावा, गाडीखाली लोखंडी स्टँड. कॅलिपर सोडवलात तर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका, वरती सुतळीने बांधा. पाइपला आतून चीर गेली तर बाहेरून दिसत नाही. आतले भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच धुवायचं. तसंच पिनांना चाकाचं साधं ग्रीस नको, त्यानेही रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा धरते. नव्वद रुपयांची ती ट्यूब आणताना माझाही हात आखडला होता, कारण घरात साध्या ग्रीसचा डबा होता. पॅडची पूड फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये एस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल सात-आठ वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक खाली जमिनीपर्यंत जातो. नवे पॅड घालून आनंदाने गाडी मागे घेतली आणि विहिरीच्या कठड्याला टेकवली, असा गृहस्थ आमच्याच वाडीत आहे. तो हे वाचतोय. नाव घेत नाही.

पिस्टन काढणं, किट घालणं आणि एअर काढणं मात्र जाणत्या मेस्त्रीला बरोबर घेऊनच करा. तिथे सहाशे रुपये द्या.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याच्याकडे कोणीच बघत नाही. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या जुलैत तर सुपारी तीन दिवसांत बुरशी धरते, मग या तेलाचं काय होत असेल! कोरडं डॉट ३ तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी मुरलेल्याची मर्यादा १४० वर येते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं की बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही.

“एवढा कुठे तापतो ब्रेक?” तर ऐका. चवथीला चाकरमानी आले की एक दिवस आंबोली होतेच. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. माणसं धरून ओम्नी अकराशे किलो झाली आणि त्यातले नुसते पाचशे मीटर ती फक्त ब्रेकवर उतरली, तर जी उष्णता तयार होते तिच्यात सतरा-अठरा लिटर पाणी उकळेल. आंघोळीचा एक अख्खा हंडा. तो हंडा चार चाकांत वाटला जातो, आणि उतारावर वजन पुढे येत असल्याने मोठा वाटा पुढच्या दोघांकडे. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला ओढू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे शहाणे आहेत, त्यांना सांगा की इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन पेट्रोल घेणं बंद करतं. न्यूट्रलमध्ये उलट चालू राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचतही नाही, आणि ब्रेकही जळतात.

माझं तेल उघडलं तेव्हा काळ्या चहासारखं होतं. शेवटचं कधी बदललं, मला आठवत नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं. दोनशे दहा रुपये.

आता गाडी सरळ थांबते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक न मारता पॅड डिस्कवर बसू द्यायचे आहेत, म्हणून सध्या रेडी-शिरोडा हळूच फिरवतोय. मागून हॉर्न वाजवू नका.

चवथ तोंडावर आली. सावंतवाडी स्टेशनवरून माणसं आणायची, माटवीचं सामान आणायचं, मुंबईची पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळणार. ज्यांच्या गाडीतून आवाज येतोय त्यांना येतोय हे माहीत आहे. शनिवारी सकाळी सातला मी मागचे ड्रम उघडून लायनर बघणार आहे. मेस्त्री येणार आहेत. ज्याला आपली गाडी दाखवायची असेल त्याने या, चाकं स्वतः उतरवायची, स्टँड दोन आहेत माझ्याकडे. येताना स्वतःचा पाना आणा, गेल्या वेळी नेलेला सतरा नंबरचा अजून परत आलेला नाही.